व्हाउचरच्या लिंकवर बोट ठेवण्याआधी

पत्र :

"मी आणि माझी ७१ वर्षांची आई बर्लिनहून म्युनिकमार्गे घरी परतत होतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर होती. निघायला जेमतेम तीन तास उरले असताना बर्लिन-म्युनिक विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. आईला व्हीलचेअर लागते. तिला एका कोपऱ्यात बसवून मी दोन तास रांगेत उभी राहिले, तेव्हा दुसऱ्या दिवशीची तिकिटं हातात पडली. रात्री राहायचं कुठे, असं विचारलं तर 'तुमचं तुम्ही बघा, नंतर मेल करा' एवढंच उत्तर. हॉटेल, टॅक्सी आणि जेवण मिळून २१४ युरो माझे गेले. घरी पोचलो ते ठरल्या वेळेपेक्षा २६ तास उशिरा.

मेल केला. उत्तर आलं की तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती असल्यामुळे भरपाई देता येत नाही, पण सदिच्छा म्हणून प्रत्येकी १५० युरोंचं व्हाउचर देऊ. ३० दिवसांत लिंकवर क्लिक करून स्वीकारा, म्हणजे विषय मिटला असं समजू. घरचे म्हणतात, मिळतंय ते पदरात पाडून घे. आई म्हणते, आता कुणाशी भांडू नकोस. भरपाई मिळवून देणाऱ्या एका कंपनीची जाहिरातही सारखी दिसते. काय करू?"
– एक वाचक

ताई,

आधी एकच सांगते, त्या लिंकवर क्लिक करू नका. बाकीचं सगळं निवांत ठरवता येईल, घाई फक्त त्या विमान कंपनीला आहे.

तुमचं पत्र वाचून मला माझीच एक रात्र आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी माझंही विमान असंच ऐनवेळी रद्द झालं होतं. काउंटरवरच्या मुलीने पुढे केलेल्या कागदावर मी मुकाट्याने सही केली आणि मिळालेलं कूपन पर्समध्ये ठेवून दिलं. ते वापरायची वेळ कधी आलीच नाही. त्या सहीने मी किती रकमेवर पाणी सोडलं, हे कळलं तेव्हा दावा करायची मुदत उलटून गेली होती. म्हणून या विषयावरचं पत्र आलं की मी ते बाजूला ठेवू शकत नाही.

तुमचा प्रवास युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुरू झाला. त्यामुळे कंपनी कुठल्याही देशाची असली, तिकीट कुठूनही काढलेलं असलं आणि तुमचं पारपत्र कुठलंही असलं, तरी तुम्हाला युरोपीय संघाचा नियम क्रमांक २६१/२००४ लागू होतो. फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आहे. आपण परदेशी, आपल्याला कोण विचारणार, असं तुमच्या मनात कुठेतरी असावं असं पत्रावरून वाटलं. ते काढून टाका. हा नियम प्रवाशाचं नागरिकत्व पाहतच नाही.

या नियमात तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि तुमच्या बाबतीत नेमका त्यांचाच गोंधळ केला गेला आहे. पहिला हक्क निवडीचा : तिकिटाचे पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानाने पुढे जायचं, हे प्रवाशाने ठरवायचं. पैसे परत हवे असतील तर ते सात दिवसांत द्यावे लागतात. तुम्ही पुढे जायचं ठरवलंत, त्यामुळे तिकिटाच्या परताव्याचा प्रश्न उरला नाही. दुसरा हक्क सोयीचा, म्हणजे वाट पाहण्याच्या काळात खाणंपिणं, रात्र काढावी लागली तर हॉटेल, हॉटेलपर्यंत जाण्यायेण्याचं वाहन आणि दोन फोन किंवा ईमेल. तिसरा हक्क ठरावीक रकमेच्या भरपाईचा. यातला एक घेतला म्हणून दुसरा जात नाही. दुसऱ्या दिवशीचं विमान दिलं, म्हणजे भरपाईतून सुटका झाली असं होत नाही, आणि भरपाई दिली म्हणून हॉटेलचं बिल बुडवता येत नाही.

आता रक्कम. भरपाई अंतरावर ठरते, तिकिटाच्या किमतीवर नाही. १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, १५०० ते ३५०० पर्यंत ४०० आणि त्यापुढे ६०० (संघाच्या हद्दीतल्या प्रवासाला मात्र अंतर कितीही असलं तरी ४०० च्या वर नाही). बर्लिन ते म्युनिक हे अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे 'रद्द झालेलं उड्डाण कमी अंतराचं होतं, तुमचे २५० च होतात' असं कंपनी पुढे म्हणू शकते. ते मान्य करू नका. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असली की प्रवास एकच धरला जातो आणि अंतर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत मोजतात. तुमचं घर बर्लिनहून ३५०० किलोमीटरच्या कितीतरी पुढे आहे. पर्यायी विमानाने चार तासांच्या आत पोचवलं असतं तर ही रक्कम निम्मी करता आली असती, पण तुम्ही २६ तास उशिरा पोचलात. रद्द झाल्याचं १४ दिवस आधी कळवलं असतं तर भरपाई लागू झाली नसती, तुम्हाला कळवलं तीन तास आधी. तेव्हा तुमचे ६०० आणि आईंचे ६०० असे १२०० युरो, आणि तुमच्या खिशातून गेलेले २१४ वेगळे. त्यांच्या दोन व्हाउचरांची बेरीज होते ३००.

मुळात भरपाई व्हाउचरच्या रूपात तुमच्यावर लादताच येत नाही. ती रोख, बँकेत जमा करून किंवा चेकने द्यायची असते. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सहीनिशी संमती लागते, आणि त्या लिंकवरचा तुमचा क्लिक हीच संमती म्हणून पुढे दाखवली जाईल. (हे वाचणाऱ्या कुणी अशा लिंकवर आधीच क्लिक केलं असेल तर त्यांनीही आशा सोडू नये. याच नियमाच्या १५ व्या कलमाप्रमाणे, हक्कांची नीट माहिती न दिल्यामुळे प्रवाशाने कमी भरपाई स्वीकारली असेल, तर उरलेल्या रकमेसाठी दाद मागता येते. फक्त तो रस्ता लांबचा आहे.)

आता मुख्य मुद्दा, तो 'तांत्रिक बिघाड'. हे दोन शब्द वाचले की माणूस गप्प होतो, हे मी पत्रांमागून पत्रांत पाहिलंय. विमानात बिघाड असताना ते उडवा असं कोण म्हणेल? कुणीच नाही. पण सुरक्षिततेसाठी विमान थांबवणं बरोबर आहे म्हणून त्याचा भुर्दंड प्रवाशाने सोसायचा, असं होत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००८ सालीच हे स्पष्ट केलं. विमानं चालवणं हा ज्यांचा धंदा आहे, त्यांच्यासाठी यंत्रात बिघाड होणं ही रोजच्या कामाचाच भाग असलेली गोष्ट आहे. देखभालीत सापडलेला किंवा देखभाल न केल्यामुळे उद्भवलेला दोष 'असाधारण' ठरत नाही. विमान बनवणाऱ्या कंपनीनेच त्या प्रकारच्या सगळ्या विमानांत लपलेला उत्पादनदोष असल्याचं जाहीर केलं, किंवा घातपात झाला, तर गोष्ट वेगळी.

काय असाधारण आणि काय नाही, याची रेघ न्यायालयाने एकेका खटल्यातून आखत आणली आहे. पक्षी धडकला तर असाधारण. उड्डाणाला घातक हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप हेही त्यातच येतात. पण कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी रीतसर केलेला संप असाधारण नाही, असा निकाल २०२१ मध्ये लागला. २०२३ मध्ये तर याहून कठीण प्रकरण आलं होतं. उड्डाणाच्या थोडं आधी सहवैमानिकाचा अचानक मृत्यू झाला आणि विमान रद्द करावं लागलं. ते वाचताना मलाही वाटलं की इथे तरी कंपनीला सूट मिळेल. न्यायालयाने दिली नाही. कर्मचारी आजारी पडणं, अगदी दगावणंही, कंपनीने आपल्या नियोजनात धरायला हवं, असं म्हटलं. आणि कारण खरोखर असाधारण असलं तरी तेवढ्याने भागत नाही. शक्य ते सगळे उपाय करूनही विमान रद्द करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हेही कंपनीलाच सिद्ध करावं लागतं. त्यात प्रवाशांना लवकरात लवकर पुढे पाठवायचे प्रयत्न येतात, गरज पडली तर दुसऱ्या कंपनीच्या विमानानेसुद्धा. त्या संध्याकाळी बर्लिनहून निघणाऱ्या दुसऱ्या कुठल्या विमानात जागा होत्या का, हा प्रश्न तुम्ही पत्रात जरूर विचारा.

हॉटेलच्या खर्चाबद्दल तर वादाला जागाच नाही, कारण सोयीचा हक्क असाधारण परिस्थितीतही कायम राहतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपाचं बरंचसं आकाश कित्येक दिवस बंद होतं. याहून असाधारण काय असणार? तरीही २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अडकलेल्या प्रवाशांच्या खाण्याराहण्याची जबाबदारी कंपनीचीच होती आणि तिला दिवसांची किंवा पैशांची मर्यादा नाही. कंपनीने सोय केली नाही आणि प्रवाशाने स्वतः खर्च केला, तर जो गरजेचा आणि वाजवी होता तो परत मिळतो. दोघींसाठी एक रात्र, टॅक्सी आणि जेवण मिळून २१४ युरो म्हणजे वाजवीच. पावत्या जपून ठेवल्या असतील तर उत्तम. एखादी हरवली असेल तर कार्डाचं स्टेटमेंट जोडा, हॉटेलला मेल केला तर ते बिलाची प्रत पाठवतात.

आईंना कोपऱ्यात बसवून तुम्ही दोन तास रांगेत होतात, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यांना चालण्याफिरण्यात अडचण आहे अशा प्रवाशांकडे आणि त्यांच्या सोबत्यांकडे आधी लक्ष द्यायचं, असं याच नियमाचं ११ वं कलम सांगतं. तुम्ही रांगेत उभंच राहायला नको होतं. याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, तरीही पत्रात हे लिहा. तिकिटावर व्हीलचेअरची नोंद असेल तर तिची प्रतही लावा.

पत्र कसं लिहायचं? थोडक्यात. राग येणं साहजिक आहे, पण तो माझ्याकडे लिहिलात तेवढा पुरे, कंपनीला फक्त आकडे आणि कलमं कळू द्या. वर बुकिंग क्रमांक, दोघींची नावं, विमान क्रमांक, तारीख, आणि ठरलेली व प्रत्यक्ष पोचल्याची वेळ लिहा. मग साधारण असा मजकूर :

'आमचं विमान रद्द झाल्याचं आम्हाला निघण्याच्या तीन तास आधी कळवण्यात आलं. नियम २६१/२००४ च्या कलम ५ आणि ७ प्रमाणे प्रत्येकी ६०० युरो भरपाई आणि कलम ९ प्रमाणे झालेला २१४ युरोंचा खर्च आम्ही मागत आहोत. आपलं व्हाउचर आम्हाला मान्य नाही. तांत्रिक बिघाड नेमका कोणता होता, तो केव्हा आणि कसा लक्षात आला, आणि आम्हाला त्याच दिवशी पुढे पाठवण्यासाठी काय प्रयत्न झाले, हे पुराव्यासह कळवावं. रक्कम पुढील खात्यावर १४ दिवसांत जमा करावी.'

तिथे ६०० च्या ठिकाणी 'योग्य ती भरपाई' असं मोघम लिहू नका, आकडाच लिहा. पत्र इंग्रजीत चालेल. कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्ममधून पाठवा आणि पाठवण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण असे फॉर्म भरले की आपल्याकडे काहीच उरत नाही. पत्र विमान चालवणाऱ्या कंपनीच्या नावाने हवं. तिकीट एजंटाकडून किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावाने काढलं असेल, तरी भरपाईची जबाबदारी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्याची असते.

दोन महिन्यांत पैसे आले नाहीत तर जर्मनीत प्रवाशांसाठी सलोखा मंडळाची सोय आहे. ५००० युरोंपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथे जाता येतं आणि प्रवाशाला सहसा काही पैसे पडत नाहीत. बऱ्याच कंपन्या प्रवाससंबंधी खासगी मंडळाच्या सदस्य आहेत. ज्या नाहीत त्यांच्यासाठी जर्मन सरकारच्या न्यायविषयक कार्यालयात तशीच सोय आहे. जर्मनीचं विमान वाहतूक कार्यालयही तक्रार घेतं, पण ते कंपनीने नियम मोडला का एवढंच पाहतं, तुमचे पैसे वसूल करून देत नाही. अनेकजण तिथे तक्रार करून वर्षभर वाट पाहत बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. शेवटची पायरी न्यायालयाची. प्रवास जिथून सुरू झाला तिथल्या न्यायालयात दावा लावता येतो. बर्लिनचा विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तिथले दावे क्योनिग्स वुस्टरहाउझेन नावाच्या छोट्या गावातल्या न्यायालयात चालतात, आणि त्या न्यायालयात अशा प्रवाशांच्या फायलींचे ढीग असतात. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

मुदतीची चिंता करू नका. जर्मनीत असा दावा, घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं जिवंत राहतो. कंपनीने सांगितलेले ३० दिवस हे फक्त त्यांच्या व्हाउचरचे आहेत.

आता ती जाहिरातवाली कंपनी. अशा कंपन्या लबाड असतात असं मी म्हणणार नाही, न्यायालयातले कितीतरी महत्त्वाचे निकाल त्यांनीच लढवून आणले आहेत. पण मिळालेल्या रकमेतला पाव ते तिसरा हिस्सा त्या ठेवून घेतात, आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर त्याहूनही जास्त. तुमच्या १२०० मधले तीन-चारशे युरो त्यात जातील. पहिलं पत्र आणि सलोखा मंडळ या दोन पायऱ्या तुमच्या तुम्ही चढू शकता. त्यानंतरही कंपनी हलली नाही आणि परदेशातल्या न्यायालयाची दगदग नको वाटली, तर त्यांच्याकडे जा. एकदा दावा त्यांच्या नावे करून दिलात की मधेच स्वतः पत्रव्यवहार करता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही थोडं. हा नियम युरोपात येणाऱ्या विमानालाही लागतो, पण फक्त कंपनी युरोपीय असली तर. बाहेरच्या कंपनीच्या विमानाने युरोपात जात असाल आणि ते रद्द झालं, तर निघण्याच्या देशाचा कायदा पाहावा लागतो आणि देशादेशांत फार फरक आहे. ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावरही हाच नियम पौंडांत ठेवला : २२०, ३५० आणि ५२०. कॅनडात मोठ्या कंपन्यांना जास्तीत जास्त १००० कॅनडियन डॉलर द्यावे लागतात. अमेरिकेत विमान रद्द झालं आणि प्रवाशाने पर्याय नाकारला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण अशी ठरावीक भरपाई कायद्याने दिलेली नाही. भारतात विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत उड्डाण किती तासांचं आहे त्याप्रमाणे ५०००, ७५०० आणि १०००० रुपये आहेत. त्यातही एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून रक्कम कमी भरली तर तेवढीच. तिथे एक अट हमखास विसरली जाते. बुकिंग करताना प्रवाशाने संपर्काचा क्रमांक नीट दिला नसेल तर भरपाई नाकारता येते. एजंट स्वतःचाच क्रमांक टाकतो आणि सगळं तिथेच अडतं, तेव्हा तिकीट हातात येताच त्यावर कुणाचा क्रमांक आहे ते बघा.

शिवाय १९९९ चा माँट्रियल करार आहे. तो बहुतेक देशांमधल्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागतो. विमानाच्या उशिरामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं असेल, समजा आधीच पैसे भरलेलं पुढचं आरक्षण बुडालं असेल, तर ते पुराव्यानिशी त्याखाली मागता येतं. तिथे मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती चुकली की दावा संपतो. तुमच्या पत्रात असं काही नुकसान दिसत नाही, त्यामुळे सध्या त्यात शिरू नका.

एक काम मात्र आजच करा. भरपाई ज्याच्या त्याच्या नावाची असते, त्यामुळे आईंच्या वतीने लिहायला त्यांच्या सहीचं संमतीपत्र लागेल. चार ओळींचं पुरे : 'माझ्या वतीने दावा करण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मी माझ्या मुलीला देत आहे.' आईंना सांगा, हे भांडण नव्हे. तुम्ही दोघींनी तिकिटाचे पैसे मोजले होते, त्या रात्रीची सोय करणं त्यांचं काम होतं आणि ते राहून गेलं. सही घेतलीत की दोन्ही दावे एकाच पत्रातून पाठवा, आणि कंपनीचं उत्तर आलं की ते जसंच्या तसं मला पाठवा. त्याला काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.